बाबांच्या बेस्टच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच काढायचंय, मार्गदर्शन हवं

परळची_मुलगी
नमस्कार मंडळी. मोठा धागा आहे, वेळ काढून वाचा ही विनंती.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपो. रिटायर झाल्यापासून वह्यांमध्ये आठवणी लिहीत होते. रात्रीची शेवटची बस, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, २६ जुलै २००५ ला पाण्यात अडकलेली गाडी आणि त्यातले प्रवासी, डेपोच्या कँटीनमधले मित्र, आणि आम्ही मूळचे मालवणकडचे त्यामुळे गाववाल्यांशी झालेलं बोलणं तसंच्या तसं मालवणीत. मी सगळ्या वह्या गुगल डॉक्समध्ये टाईप केल्या, साधारण ४५ हजार शब्द झालेत. मुलगी म्हणून नाही सांगत, खरंच चांगलं लिहिलंय, या शहरात रोज बसने फिरलेल्या कुणालाही ते आपलं वाटेल.

दोन प्रकाशकांना पाठवलं, उत्तरच आलं नाही. तिसरे हो म्हणाले पण 'लेखक सहभाग योजना' आहे म्हणे. आपण लाखाच्या घरात पैसे द्यायचे, ते ३०० प्रती छापणार, ५० आपल्याला देणार, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि प्रकाशन समारंभ त्यातच. करारात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं एक वाक्य आहे, मुदत वगैरे काही लिहिलेली नाही. बाबा सही करायला तयार आहेत, मी थांबवलंय.

१५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली होती, म्हणजे १५ जुलै २०२६ ला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी पुस्तक बाबांच्या हातात असावं अशी फार इच्छा आहे. स्वतः छापायचं तर किती प्रती, कुठून सुरुवात, विकायचं कसं? घर वन रूम किचन आहे हेही लक्षात घ्या.

शाईपेन
ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. मी स्वतःची दोन पुस्तकं स्वतः काढलीयत त्यामुळे मनापासून लिहितोय.

पैसे देऊन पुस्तक काढणं यात कमीपणा काही नाही, पण पैसे तुमचे असतील तर छापलेल्या सगळ्या प्रती तुमच्या, डीटीपीची, म्हणजे पानांच्या मांडणीची, मूळ फाइल तुमची, कव्हरची फाइल तुमची आणि हक्क तर तुमचेच तुमचे. इथे तुम्ही सगळा खर्च देऊन ५० प्रती घेताय आणि उरलेल्या २५० कुठे गेल्या हे विचारायचीसुद्धा सोय नाही. त्यांना एवढं विचारून बघा की त्या प्रती कोणत्या दुकानांत ठेवणार आणि हिशोब दर किती महिन्यांनी देणार. उत्तरावरून कळेल.

आणि प्रतींचा आकडा आत्ता ठरवू नका. आधी पुस्तक कोण घेणार त्यांची नावं लिहून काढा, अगदी वहीत, नाव आणि फोन नंबर. तुमच्या बाबतीत ते सोपं आहे कारण बाबांच्या बरोबरीचे कंडक्टर, ड्रायव्हर, वर्कशॉपवाले, त्यांची मुलं, हा वाचक तयार आहे. कवितासंग्रहवाल्याला हे भाग्य नसतं.

वकील_ठाणे
कराराबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते हक्क धरले जातात, आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसेल तर, तो हक्क लेखकाकडे परत येतो. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे, पण भांडायला कोर्टात जाण्यापेक्षा सही करायच्या आधी ते वाक्य खोडणं स्वस्त पडतं. छापील आवृत्तीचा हक्क, एका आवृत्तीपुरता, अमुक वर्षांसाठी, असं स्पष्ट लिहून घ्यायचं. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, वेब सिरीज, सगळं स्वतःकडे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क बाबांचा, आणि त्यांच्या पश्चात ६० वर्षं वारसांचा.

अजून दोन गोष्टी तपासा. आठवणींत खरी नावं आहेत का? एखाद्या इन्स्पेक्टरने पैसे खाल्ले असं नावानिशी लिहिलं असेल तर बदनामीचा दावा होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. नाव, डेपो, वर्ष बदला, प्रसंग तसाच ठेवा. आणि कुठे सिनेमाच्या गाण्याच्या ओळी उतरवल्या असतील तर त्या काढा किंवा रीतसर परवानगी घ्या, 'दोनच ओळी आहेत' म्हणून आपोआप सूट मिळते असं नाही.

परळची_मुलगी
गाण्याच्या ओळी आहेत!! शेवटच्या फेरीला एक ड्रायव्हर गायचे म्हणून बाबांनी बऱ्याच ठिकाणी लिहिल्यात. गाण्याचं वर्णन ठेवून ओळी काढते. खूप आभार, हे कुणीच सांगितलं नसतं.

छापखान्यातला
लोअर परळच्या एका प्रेसमध्ये बरीच वर्षं काढलीयत, आता नोकरी सोडली. छपाईचं सांगतो.

४५ हजार शब्द म्हणजे डेमी साइजमध्ये, साडेपाच बाय साडेआठ इंच, वाचायला बरा टाईप ठेवला तर १७० ते १८० पानं. आम्ही १६ पानांच्या फॉर्ममध्ये मोजतो, त्यामुळे १७६ पानांवर बसवा, बरोबर ११ फॉर्म. १७९ पानं झाली तर त्या तीन पानांसाठी अख्खा फॉर्म किंवा अर्धा फॉर्म वाढतो आणि कोरी पानं राहतात. ५०० प्रतींना २३ बाय ३६ इंचाचा कागद साडेपाच रिम (रिम म्हणजे ५०० ताव) आणि वर वाया जाणारा वेगळा. प्रेसवाल्याने कोटेशनमध्ये रिम लिहिले असतील तर हा हिशोब स्वतः करून बघा.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा कागद, नॅचरल शेड मिळाली तर उत्तम, वयस्कर वाचकांच्या डोळ्यांना पांढराशुभ्र कागद त्रास देतो. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. फोटो टाकायचे असतील तर मजकुरात विखरून टाकू नका, मॅपलिथोवर जुने फोटो काळपट उमटतात, ८ पानांचा आर्ट पेपरचा वेगळा तुकडा मध्ये घाला.

ऑफसेट की डिजिटल? १०० पर्यंत प्रती असतील तर डिजिटल. ३०० च्या पुढे ऑफसेटच परवडतं. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावायचा खर्च ३०० ला तेवढाच आणि ५०० ला तेवढाच, फरक कागद आणि बाइंडिंगचा, म्हणून प्रेसवाला नेहमी म्हणतो 'अजून थोडे वाढवून हजार करा, स्वस्त पडेल'. प्रत स्वस्त पडते हे खरंच आहे, पण न विकलेली प्रत कितीही स्वस्त असली तरी पैसे गेलेलेच. तुमच्या घराचं म्हणाल तर या पुस्तकाचं वजन दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम होईल, ५०० प्रती म्हणजे शंभर किलोच्या वर.

आता जुलैच्या तारखेबद्दल. मुंबईत जुलैमध्ये पुस्तकं छापून घेऊ नका! हवेत ओल असते, कागद फुगतो, लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं. एप्रिल-मेमध्ये प्रेस शाळेच्या कामांत अडकलेले असतात. म्हणून फाइल मार्चअखेर पक्की करून प्रेसचा नंबर लावून ठेवा, मेच्या मध्यापर्यंत प्रती घरी. गठ्ठे जमिनीवर ठेवायचे नाहीत, खाली फळ्या, भिंतीपासून चार बोटं लांब, प्लास्टिक न फाडता.

प्रूफवाली
छापखान्यातले दादा म्हणतायत ते सगळं फाइल पक्की असेल तर, आणि खरा वेळ तिथेच जातो. तुम्ही गुगल डॉक्समध्ये टाईप केलंय म्हणजे युनिकोड आहे, फार चांगलं. आपल्याकडे अजून बरेच डीटीपीवाले श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या फॉन्टवर काम करतात, ते तुमचा मजकूर कन्व्हर्ट करून घेणार आणि त्यात जोडाक्षरं मोडणार, रफार पळणार, 'र्‍या' चा 'र्या' होणार. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की काम शेवटपर्यंत युनिकोडमध्ये करणार का. ते हो म्हणाले तरच पुढे जा, कारण उद्या ई-बुक करायचं झालं तर जुन्या फॉन्टमधली फाइल उपयोगाची नसते, सगळं परत टाईप करावं लागतं. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना बघा, हिंदी वळणाचे आपल्या डोळ्याला सतत खटकतात.

आणि एक कळकळीची विनंती, संपादन आणि मुद्रितशोधन वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या. संपादक सांगेल की ही आठवण दोनदा आलीय, हे प्रकरण आधी घ्या. मुद्रितशोधक ऱ्हस्वदीर्घ बघेल. मालवणी संवाद मात्र माझ्यासारख्यांपासून वाचवा! शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम प्रमाण मराठीसाठी आहेत, 'खंय गेल्लस' ला ते लावायचे नसतात. प्रूफ देतानाच लिहून द्या की अवतरणातली बोली बदलायची नाही, आणि ती पानं मालवणी बोलणाऱ्याकडून वेगळी तपासून घ्या. शेवटचं प्रूफ कागदावर काढून बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं. स्क्रीनवर सुटलेलं तिथे सापडतं.

ग्रंथपाल_मावशी
सगळेच स्वतः काढा म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडते, राग मानू नका. चांगला प्रकाशक म्हणजे नुसता छापणारा नव्हे. आम्ही ग्रंथालयवाले खरेदी करतो ती बहुतेक वितरकांकडून, यादी बघून, एकत्र. एकट्या लेखकाचं एकच पुस्तक, त्याचं वेगळं बिल, वेगळा चेक, याला अनेक ग्रंथालयं वैतागतात आणि पुस्तक चांगलं असूनही राहून जातं. म्हणून अजून दोन-तीन प्रकाशकांना पाठवून बघायला हरकत नाही, नमुन्याची दोन प्रकरणं आणि एक पानाचा परिचय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पण आहे, पहिल्या पुस्तकासाठी, बाबांचं पहिलंच आहे. फक्त त्यात वेळ जातो आणि तोवर पुस्तक छापता येत नाही, १५ जुलै धरायची असेल तर ते जमणार नाही बहुधा.

स्वतःच काढलंत तर:

आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. दुसऱ्याच्या नावावरचा नंबर घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्यांचंच नाव कायम राहतं. छापील आणि ई-बुकला वेगळे नंबर. अर्ज लवकर करा, शेवटच्या आठवड्यात नको.

दुसरं, १९५४ चा कायदा आहे, प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः काढता तेव्हा प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे ही जबाबदारी तुमची. बरेच जण करत नाहीत आणि मग पन्नास वर्षांनी कुणी बेस्टवर अभ्यास करायला बसलं की अशी पुस्तकं सापडतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कंडक्टरने स्वतः लिहिलेलं असं किती आहे हो आपल्याकडे?

शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे पण प्रत द्या. यादीत नाव असलं की अनुदानातून खरेदी करताना ग्रंथालयांना सोपं जातं.

सातरस्ता
मावशींचं बरोबर आहे पण दुकानं आणि वितरक यांचा हिशोब एकदा बघून घ्या, मग ठरवा. आकडे समजुतीसाठी धरतोय.

समजा छपाई एका प्रतीला ९५ रुपये. संपादन, प्रूफ, डीटीपी, कव्हर मिळून ३० हजार, हे प्रती कितीही असोत तेवढेच. किंमत २५० ठेवली. दुकानाने ४० टक्के घेतले तर हातात १५०, छपाई वजा जाता ५५. तीस हजार भरून निघायला साडेपाचशे प्रती विकल्या पाहिजेत. तेच थेट वाचकाला प्रकाशनपूर्व सवलतीत २०० ला दिलं, पोस्ट आणि पाकीट मिळून ३० गेले, तरी ७५ उरतात. म्हणजे दुकानातल्या २५० पेक्षा थेट २०० मध्ये जास्त पैसे राहतात! तरीसुद्धा खर्च निघायला ४०० प्रती लागतात.

आता किंमत ३०० करा, सवलतीत २४०. थेट विक्रीत ११५ उरतात, २६१ प्रतींत खर्च निघतो. डेपोवर जाऊन हातात दिलं तर पोस्ट वाचून १४५. ५० रुपयांनी सगळं चित्र बदलतं. १७६ पानांच्या पुस्तकाला ३०० आजच्या बाजारात जास्त नाहीत. भेटप्रती, परीक्षणाच्या प्रती, कायद्याच्या प्रती मिळून तीसेक तरी जातात, त्या विकल्या असं धरू नका.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईच्या बिलावर असतो आणि तो परत मिळत नाही, कोटेशन घेताना करासकट आकडा मागा.

परळची_मुलगी
सातरस्ता दादा, हे तर बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात पेन्शनर माणसं ३०० देणार नाहीत, २०० च ठेव. पैसे कमवायचे नाहीत आम्हाला, पण बुडवायचेही नाहीत.

शाईपेन
काकांना सांगा छापील किंमत ३०० ठेवूया आणि बेस्टच्या लोकांना सवलतीत देऊया. छापील किंमत एकदा २०० केली की दुकानाला ४० टक्के दिल्यावर १२० हातात येतात, छपाई ९५, मग दुकानात ठेवायचा मार्गच बंद होतो. सवलत केव्हाही देता येते, छापलेली किंमत वाढवता येत नाही.

प्रकाशनपूर्व नोंदणी अशी करा. एक साधा मेसेज, त्यात पुस्तकातला एक सलग उतारा, अर्धं पान तरी. नुसतं 'माझ्या वडिलांचं पुस्तक येतंय' याला लोक अंगठा दाखवून पुढे जातात, उतारा वाचला की घेतात. २६ जुलैचा प्रसंग द्या. मग किंमत, सवलत कधीपर्यंत, यूपीआय, आणि पुस्तक कधी मिळणार ती तारीख, तारीख पंधरा दिवस पुढचीच सांगा. पैसे आले की त्याच दिवशी वहीत नाव, पत्ता, पिनकोड. हे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका, वेगळं खातं ठेवा, पुस्तक लांबलं तर परत करता आले पाहिजेत.

नोंदणी दीडशेच्या आत राहिली तर ३०० छापा, अडीचशेच्या वर गेली तर ५००. मधे असेल तर ३०० च. दुसरी आवृत्ती काढायला फाइल तुमच्याकडे आहेच.

काकांचं एक वाचन ठेवा. परळ-लालबागच्या एखाद्या वाचनालयात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये, फुकट किंवा नाममात्र भाड्यात मिळतो. मोठा समारंभ, शाली, नारळ, पाहुण्यांची गाडी यात ३०-४० प्रतींचे पैसे सहज जातात. माणसं काकांना ऐकायला येणार आहेत, त्यांनाच बोलू द्या.

छापखान्यातला
पोस्टाचं राहिलं. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ ला बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांची फार पंचाईत झाली होती. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, वर कर. ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं आणि आत जाहिरातीचे कागद घालायचे नाहीत. तुमचं पुस्तक आर्ट पेपर धरून २२० च्या आसपास, पाकिटासकट ३०० च्या आत बसतं. म्हणूनच ८० जीएसएमचा मोह नको, आणि पानं २४० वर नेलीत तर पाकिटासकट काटा ३०० ला टेकतो.

किंडलवाला
ई-बुकचं कुणी बोललं नाही म्हणून. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी चालतं, ईपब (ई-बुकची फाइल) चालते, खर्च शून्य. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के, पण भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर त्यांच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. ७० टक्क्यांत फाइलच्या आकाराप्रमाणे डिलिव्हरीचे पैसे कापतात, फोटो लहान करून टाका. खरं सांगायचं तर मराठीत ई-बुकची विक्री छापील पुस्तकाच्या मानाने किरकोळ असते, पण अमेरिका-दुबईतल्या बेस्टवाल्यांच्या मुलांना पोस्टाने पाठवण्यापेक्षा हे बरं. छापील आल्यावर दोन महिन्यांनी टाका. छापील पुस्तक अ‍ॅमेझॉनवर स्वतः विकायचं असेल तर फक्त पुस्तकं विकणाऱ्याला जीएसटी नंबराशिवाय खातं उघडता येतं. मात्र त्यांचं कमिशन आणि कुरिअर धरून हिशोब करा.

ऑडिओचे हक्क सांभाळा. असं लेखन ऐकायला फार छान लागतं, तेही काकांच्याच आवाजात.

ग्रंथपाल_मावशी
सातरस्ता यांचा हिशोब वाचला, पटला. तरी दुकानं अगदीच सोडू नका, दादर-गिरगाव-ठाण्यात दोन-तीन ठिकाणी पाच-पाच प्रती ठेवा, विक्रीवर हिशोब अशा बोलीने, चलनावर सही घेऊन. वर्तमानपत्रात परिचय आला की लोक दुकानातच विचारतात. आणि अणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिथे एक प्रत नक्की द्या.

परळची_मुलगी
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना धागा पूर्ण वाचून दाखवला. सहभाग योजनेला नाही कळवलं. संपादनासाठी एक ताई मिळाल्यात, मालवणी भाग आत्या बघणार आहे. किंमत ३००, बेस्टवाल्यांना २४०, बाबा तयार झाले. पेन्शनरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २६ जुलैचा उतारा टाकला, संध्याकाळपर्यंत इतके फोन आले की बाबांनी वही काढून नावं लिहायला घेतली. बऱ्याच जणांनी दोन-दोन प्रती सांगितल्यात, एक मुलासाठी म्हणून.

कव्हरसाठी आर्टिस्टला काय सांगू? तो म्हणतो लगेच पूर्ण करून देतो.

छापखान्यातला
पुढची बाजू करू द्या, पूर्ण कव्हर आत्ता नको. कण्याची जाडी पानं आणि कागद पक्का झाल्याशिवाय कळत नाही, प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजून आर्टिस्टला द्या. बारकोड मागच्या बाजूला खाली, पांढऱ्या चौकटीत, किंमत त्याच्या शेजारी. कव्हरचा एक प्रिंट मॅट लॅमिनेशन करून बघा, बेस्टचा लाल रंग लॅमिनेशननंतर गडद दिसतो, तो आधी थोडा उजळ ठेवावा लागतो.